शेवाळ खाणाऱ्या माशांचे पोट: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (फोंडा): काच स्वच्छ राहावी म्हणून दोन महिन्यांपूर्वी सकर मासा आणला. काच आता लख्ख आहे, पण मासा हडकला आहे. त्याला वेगळे खाणे द्यावे लागते का?

उत्तर: काच लख्ख झाली, म्हणूनच मासा हडकला. घरातल्या दोन-तीन फुटी टाकीत जेवढे शेवाळ उगवते तेवढ्यावर वाढत्या सकरचे पोट भरत नाही, आणि दुकानदार ‘हा टाकीतली घाण खातो’ असे कितीही सांगत असले तरी इतर माशांची विष्ठा तो खात नाही. उलट टाकीत सर्वांत जास्त विष्ठा त्याचीच असते. तो काचेला चिकटला की बाहेरून त्याचे पोट पाहावे. ते किंचित फुगीर किंवा सपाट असेल तर काळजी नाही. आत खचलेले असेल आणि डोळेही खोल गेले असतील, तर त्याची उपासमार चालू आहे असे समजावे. तळाला बसणाऱ्या शेवाळयुक्त गोळ्या, ज्यांना बाजारात वेफर म्हणतात, त्या रात्री दिवा मालवल्यावर टाकाव्यात. सकर रात्री चरणारा मासा आहे, आणि उजेडात टाकलेली गोळी तो पोहोचण्याआधीच बाकीचे मासे संपवतात.

प्रश्न (म्हापसा): घरातली भाजी चालते का? किती वेळ ठेवावी?

उत्तर: चालते, आणि गोळ्यांपेक्षा स्वस्तही पडते. दोडका, दुधी, काकडी किंवा पालक स्वच्छ धुऊन, मीठ न घालता उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवावा, म्हणजे तो मऊ होतो आणि बुडतोही. तरीही तरंगला तर स्टीलच्या काट्यात खोचून तळाशी सोडावा. पहिल्या दिवशी माशाने तोंड लावले नाही म्हणून निराश होऊ नये, कारण नव्या खाण्याची ओळख पटायला काही रात्री लागतात. रात्री टाकलेली फोड सकाळी न चुकता काढावी. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत टाकीचे पाणी सहज ३० अंशांवर जाते, आणि त्या उष्णतेत उरलेली भाजी कुजून पाणी नासायला वेळ लागत नाही. टाकीत लाकडाचा ओंडका असल्यास सकर तो खरवडत बसतो, हे त्याला मानवते. मात्र मिरामार-कोळव्याच्या वाळूवर वाहून आलेले लाकूड आणू नये, त्यात मीठ मुरलेले असते.

प्रश्न (मडगाव): झाडांच्या पानांवर काळे, केसाळ शेवाळ आहे आणि तळाशी निळसर हिरवा, बुळबुळीत थर. सकर दोन्हींकडे पाहतही नाही.

उत्तर: त्यात त्याचा दोष नाही. काळे शेवाळ खाणारा मासा म्हणजे सियामीज अल्जी इटर, पण तोही पोटभर दाणे मिळाले की आळशी होतो. चायनीज अल्जी इटर या नावाने विकला जाणारा मासा मात्र वेगळा आहे. मोठेपणी तो भांडखोर होतो आणि इतर माशांच्या अंगावरचा चिकट थर खरवडतो, म्हणून तो आणूच नये. निळसर थर हे खरे शेवाळ नव्हे, ते जिवाणू आहेत, आणि त्यांच्यासाठी कोणत्याही माशावर भिस्त ठेवता येणार नाही. थर नळीने शोषून काढावा, दिवा दिवसाला सहा ते आठ तासच लावावा आणि टाकी खिडकीच्या उन्हातून हलवावी.

प्रश्न (डिचोली): सकर फूटभर झाला आहे. नदीत सोडू का?

उत्तर: कृपया सोडू नये. केरळ, आंध्र प्रदेश आणि पश्चिम बंगालमधील पाणवठ्यांत हा परदेशी मासा पसरलेला आहे. मातीच्या काठात बिळे करून तो अंडी घालतो आणि काठ पोखरतो. ज्या प्रदेशाची खाजन शेती, म्हणजे खाडीकाठची बांध घालून केलेली शेती, मातीच्या बांधांवर उभी आहे, तिथे हा धोका पत्करणे शहाणपणाचे नाही. दुकानदार परत घेतो का ते विचारावे किंवा मोठी टाकी असलेल्या शौकिनाला तो द्यावा. त्याच्या जागी ब्रिसलनोज हा लहान जातीचा सकर आणावा, जो साधारण १२ ते १५ सेंटीमीटरच्या पुढे वाढत नाही. दोडका मात्र त्यालाही द्यावा लागेल.