टेलिप्रिंटर रेडिओला जोडताना

भावा, भंगारातून टेलिप्रिंटर (आलेला संदेश आपोआप कागदावर छापणारं यंत्र) उचललास, लई बेस्ट केलंस! पण थेट रेडिओला जोडू नकोस. बऱ्याच यंत्रांच्या अक्षर निवडणाऱ्या चुंबकाला ६० मिलिअँपिअरचा लूप (करंट चालू-बंद करून सिग्नल देणारं सर्किट) लागतो: साधारण १२० व्होल्ट डीसी आणि सिरीजमध्ये २ किलोओहमचा, किमान १५ वॅटचा रेझिस्टर. कमी व्होल्टवर करंट सावकाश चढतो, अक्षरं चुकतात. माझं बोट एकदा त्या टर्मिनलला लागलं, हात कोपरापर्यंत झिणझिणला. हा शॉक जीव घेऊ शकतो. म्हणून लूप आणि रेडिओच्या मध्ये ऑप्टोकपलर (दोन सर्किटं वेगळी ठेवून उजेडाने सिग्नल पोचवणारा भाग) हवाच.

आपल्याकडची यंत्रं ५० बॉडची (बॉड म्हणजे सिग्नलचा वेग), हॅम म्हणजे हौशी रेडिओवाली मंडळी ४५.४५ वर, तेव्हा गव्हर्नरचा (मोटरचा वेग धरून ठेवणारा भाग) स्क्रू हळूहळू फिरवून जुळव. गिअर झिजलाच असेल तर उद्यमनगरातल्या वर्कशॉपात नवा कापून मिळेल. हॅमचा परवाना येईपर्यंत नुसतं ऐक. पहिला सीक्यू (‘कुणी बोलणार का?’ अशी सगळ्यांना हाक) कागदावर उमटला की फोन कर, रात्रीचे दोन वाजले तरी.