केप बफेलोसाठी .३७५ पुरेल, की थेट .४५८ घ्यावी?

प्रश्न असा आहे: "मी नाशिकचा. पुढच्या वर्षी झिंबाब्वेला केप बफेलोच्या शिकारीला जायचं ठरतंय. ओळखीचे सगळे म्हणतात .४५८ शिवाय जाऊच नको. .३७५ पुरेल का? आणि तिथे रायफल भाड्याने मिळते, ती घ्यावी का?"

पुरते. .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) १९१२ पासून हेच काम करतेय. आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी अशा जनावरासाठी किमान बोअर (नळीच्या व्यासाचा साधारण इंचांतला आकडा) म्हणून तीच धरतात. ३०० ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेएकोणीस ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला अडीच हजार फुटांच्या आसपास. नीट जागी लागली तर रेडा मरतो. नीट जागी नाही लागली तर .४५८ मारूनही तो तुमच्याच अंगावर येतो. आणि हो, भाड्याची घ्या. इथून रायफल नेणं म्हणजे परवाना, विमान कंपनी, कस्टम, तिथला तात्पुरता परवाना, आणि परत येताना तेच सगळं उलट क्रमाने. एका शिकारीसाठी एवढा खटाटोप कशाला?

पण ".४५८ शिवाय जाऊच नको" हे वाक्य नाशकात माझ्या बंदूक-दुरुस्तीच्या टेबलावर इतक्यांदा ऐकलंय की बाकीचं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

एक .४५८ दुरुस्तीला आली होती. जुनी बोल्ट ॲक्शन (बोल्ट हाताने मागे-पुढे करून काडतूस चढवायची), अक्रोडाचा दस्ता, पॉलिश असं की तोंड दिसावं. काम फक्त चापाचं होतं. ते झालं, रायफल गेली, आणि रेंजवर चौथ्या बाराला दस्ता मुठीपाशी उभा चिरला. मालकाचं म्हणणं दोन वाक्यांत होतं. एक, तुमच्या दुरुस्तीत फुटला. दोन, .४५८ चा धक्काच एवढा, तिथे लाकूड काय करणार! ही दोन वाक्यं एकमेकांना खोडतात हे त्यांच्या गावीही नव्हतं. आणि दोन्ही चूक.

बार उडतो तेव्हा ॲक्शन, म्हणजे नळीला जोडलेली लोखंडी यंत्रणा, दस्त्यात मागे ढकलली जाते. तो सगळा भार तिच्या पोटाखालच्या चौकोनी खुंटीवर, म्हणजे रिकॉइल लगवर, आणि लगच्या मागच्या लाकडावर यायला हवा. मी लगच्या मागच्या अंगाला काजळी लावून ॲक्शन बसवली, स्क्रू आवळले, परत उचलली. लाकडावर डाग उमटला तो डाव्या कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढा. बाकी लग हवेत. म्हणजे प्रत्येक बाराला ॲक्शन आधी केसभर मागे घसरायची आणि तिला अडवायचं काम टँगवर यायचं. टँग म्हणजे ॲक्शनचं निमुळतं शेपूट, अंगठ्याखाली येतं ते. निमुळतं लोखंड लाकडात मागून-पुढून ठोकत राहिलात की त्याची पाचर होते, आणि पाचरीने लाकूड फुटतं. टँगच्या मागे दोन व्हिजिटिंग कार्डं सरकतील एवढी फट ठेवायची असते. इथे कागदसुद्धा जात नव्हता.

त्यात लाकडाचे रेषे. मागच्या भागात नक्षी छान दिसावी म्हणून फळी अशी कापलेली, की मुठीत रेषे तिरपे आले होते. मुठीतून रेषे सरळ लांबीच्या दिशेने जायला हवेत, नक्षी गेली खड्ड्यात.

त्यात तेल! दर दसऱ्याला पूजा, पूजेआधी तेलाची अंघोळ, आणि मग नळी वर करून कपाटात उभी. वर्षानुवर्षं ते तेल ॲक्शनवरून झिरपत दस्त्यात मुरलं होतं. आतलं लाकूड काळं पडून इतकं मऊ झालेलं की नखाने दबायचं. पूजा करा, पण तेलाचा हात कोरड्या फडक्याने पुसून घ्या, आणि नंतर काही दिवस नळी खाली करून ठेवा.

असा दस्ता जोडायचा तर आधी तेल काढावं लागतं, कारण तेलकट लाकडाला इपॉक्सी (घट्ट होणारा गोंद) धरत नाही, पापुद्र्यासारखा सुटून येतो. खडूची पूड ॲसिटोनमध्ये कालवून लेप द्यायचा, आणि एप्रिलच्या उन्हात गच्चीवर ठेवायचं. पांढरा लेप चहासारखा तपकिरी होतो. खरवडायचा, नवा द्यायचा. या दस्त्याला सात लेप लागले. मग चीर हलकेच उघडी धरून पातळ इपॉक्सी आत सोडायचा, क्लॅम्प लावायचा, आणि चिरेला आडवा आट्यांचा पितळी दांडा घालायचा. लगच्या मागचं लाकूड तीन-चार मिलिमीटर खोदून तिथे लोखंडाची पूड मिसळलेला इपॉक्सी भरायचा. लगच्या पुढच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंना टेप लावायची, मागचं अंग तेवढं उघडं, म्हणजे भार तिथेच येतो. सगळ्या लोखंडाला मेणाचे दोन हात. मेण विसरलात तर ॲक्शन दस्त्यात कायमची चिकटली म्हणून समजा. शेवटी दोन क्रॉसबोल्ट, म्हणजे दस्त्यातून आडवे जाणारे बोल्ट: एक लगच्या लगेच मागे, दुसरा मॅगझिन आणि चाप यांच्या मधल्या पातळ भिंतीत. त्या रायफलीत दुसरा नव्हताच.

बोअर .३७५ असता तरी हा दस्ता फुटलाच असता, फक्त थोडा उशिरा. आणि चापाच्या कामात दस्त्यातल्या लगच्या खाचेला हात लागत नाही, हेही एकदा नोंदवून ठेवतो. चापाचंच म्हणाल तर मालकांना तो टार्गेट रायफलसारखा केसावर हवा होता. अशा रायफलीचा चाप ओढायला लागणारा जोर तीन पौंडांच्या खाली आणू नये. बोल्ट जोरात मारल्यावर आपोआप सुटणारा चाप जवळ उभ्या असलेल्या ट्रॅकरचा, माग काढणाऱ्याचा, जीव घेईल.

आता .४५८ ची कौतुकं. .४५८ विंचेस्टर मॅग्नम १९५६ ची. साध्या लांबीच्या ॲक्शनमध्ये मावावी म्हणून केस, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, अडीच इंचांची ठेवली, आणि ५०० ग्रेनच्या गोळीमागे दारू दाबून भरावी लागली. सुरुवातीच्या काडतुसांत ही दाबलेली दारू काही वर्षांनी ढेकळासारखी धरायची; वेग पडायचा, कधी बारही नीट पेटायचा नाही. आजच्या काडतुसांत तो दोष राहिलेला नाही, पण घरात वारसाने आलेली जुनी पेटी असेल तर ती जनावरावर वापरू नका. याच कमतरतेतून १९७१ मध्ये .४५८ लॉट आली. केस लांब, तीच गोळी सेकंदाला २३०० फुटांच्या आसपास. अडचणीला लॉटच्या चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागी) विंचेस्टर मॅग्नमचं काडतूस चालतं, उलटं चालत नाही. धक्का मात्र दणदणीत. ढोबळ सांगायचं तर .३७५ चा धक्का .३०-०६ या नेहमीच्या शिकारी काडतुसाच्या दुप्पट, .४५८ विंचेस्टरचा तिप्पट, लॉटचा त्याहून वर.

.३७५ पेक्षा मोठी हवीच असेल तर .४१६ घ्या. ४०० ग्रेन, सेकंदाला सुमारे २४०० फूट. .४१६ रिग्बी १९११ ची. केस ऐसपैस, त्यामुळे दाब कमी, आणि उन्हात तापलेलं काडतूसही चेंबरमध्ये अडकत नाही. .४१६ रेमिंग्टन तोच वेग लहान केसमधून देते, पण जास्त दाबावर. दोन नळ्यांची .४७० हा वेगळा शौक आहे. तसं पाहिलं तर त्या बोअरची चलती आपल्यामुळेच झाली. ब्रिटिश सरकारने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात .४५० ची काडतुसं आणायला बंदी घातली, बंडखोरांच्या हाती त्याच बोअरच्या मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलींसाठी गोळ्या लागू नयेत म्हणून. मग बंदूकवाल्यांनी .४६५, .४७० असे आकडे पुढे केले.

वजन बघा. .३७५ साधारण सव्वाचार किलो, .४१६ साडेचारच्या पुढे. हलकी रायफल दुकानात हातात छान वाटते, खांद्याला नाही.

बोअरपेक्षा मी आधी बघतो ते काडतूस चढण्याची रीत. माऊझर पद्धतीत बोल्टवरचं लांब नख काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच त्याची कड पकडतं. दुसऱ्या पद्धतीत काडतूस बोल्टपुढे मोकळं ढकललं जातं. घाबरलेला माणूस बोल्ट अर्धाच मागे ओढतो, परत पुढे मारतो. मोकळ्या पद्धतीत चेंबरमध्ये एक, त्याच्या ढुंगणाला टेकलेलं दुसरं, आणि समोर रेडा. म्हणून नखवालीच मागा. फक्त एक लक्षात ठेवा: नखवालीत सुटं काडतूस चेंबरमध्ये टाकून बोल्ट लावायचा नाही, मॅगझिनमधूनच चढवायचं. सगळ्याच रायफलींचं नख कडेवरून उडी मारायला घासलेलं नसतं.

दुर्बीण एक ते चार पटीची बास. डोळा आणि काच यांच्यात नऊ-दहा सेंटिमीटर अंतर राहिलं नाही तर भुवईवर चंद्रकोर उमटते. दुर्बीण चटकन निघणारी असावी, आणि खाली नळीवर साधा नेम: मागे उथळ व्ही आकाराची खाच आणि पुढे ठसठशीत पांढरी माशी. रायफल अंगाला बसते का ते बघायला डोळे मिटून खांद्याला लावा, मग उघडा. माशी व्हीमध्ये आपोआप दिसली पाहिजे. मान वाकवून शोधावी लागली तर दस्ता तुमचा नाही. पट्ट्याची पुढची कडी नळीवर हवी. लाकडावर असली तर धक्क्याने पुढचा हात सोलला जातो. नळीच्या टोकाला ब्रेक (धक्का कमी करणारं भोकांचं टोपण) नको. धक्का कमी होतो, पण शेजारच्याचे कान जातात.

गोळी पहिली सॉफ्ट, म्हणजे आत गेल्यावर पसरणारी, पण चांगल्या प्रतीची, तुकडे न होणारी; खाली सगळ्या सॉलिड, म्हणजे न पसरणाऱ्या. पहिलीच सॉलिड मारलीत तर ती रेड्यातून आरपार जाऊन मागच्या रेड्याला लागते, आणि मग दोन जखमी जनावरं शोधत फिरा. नेम पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात. लोक उंच मारतात, कारण वशिंडासारखा खांदा नजर वर खेचतो. पडला तरी मारत राहा.

सराव इथेच सुरू करा. सहा फुटांचे तीन बांबू, टोकापासून वीतभर खाली सायकलच्या ट्यूबने बांधलेले, झाली तिपाई. त्यावर उभ्याने, पन्नास मीटरच्या आत, एअर रायफल किंवा .२२ ने रोज वीस बार. बार झाला की दस्ता खांद्यावरून न काढता पुढचा. मोठी रायफल तिथे पोहोचल्यावर. टेबलावर टेकून फक्त नेम तपासायला तीन-चार काडतुसं, कारण बसलेलं शरीर धक्क्याबरोबर मागे जात नाही आणि सगळा मार खांदा खातो. बाकी उभ्याने. दुसऱ्याला सांगा, खऱ्यात एखादं खोटं काडतूस न सांगता मिसळ. खोट्यावर नळीने खाली डुबकी मारली तर तुम्ही धक्क्याला घाबरताय. .४५८ वाल्यांपैकी कितीतरी जण इथेच उघडे पडतात.

उशिरा सांगतोय, पण सांगतो. हत्तीसाठी जाणार असाल तर वरचं बदलतं: .४१६ किंवा मोठी, आणि गोळ्या सगळ्या सॉलिड. खांद्याचं ऑपरेशन झालं असेल तर .३७५ चाही विचार डॉक्टरांना विचारून करा. आणि हे सगळं परदेशातल्या परवान्याच्या शिकारीपुरतं. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे. निफाड-सिन्नरच्या उसातल्या बिबट्यासाठी कुणी हे वाचत असेल तर रायफल विसरा आणि वन विभागाचा १९२६ फिरवा.

भाड्याची रायफल हातात आली की बोअरचा आकडा वाचण्याआधी ती उलटीसुलटी करून टँगच्या टोकामागे बघा. केसाएवढी रेष दिसली तर बोटाचं नख फिरवा. नख अडकलं तर दुसरी रायफल मागा. मालक म्हणालाच की मागच्या कारागिराने फोडली, तर लगला काजळी लावून दाखव म्हणावं.