गाडी गॅरेजात, माणूस घरात

यंदा पाऊस लागल्यापासून अपघाताविषयीची पत्रे वाढली आहेत. त्यातली चार आज घेतोय. पहिल्या दोन पत्रांत गाडीला विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन तपासून गेला, माणसाला मात्र कुणीच तपासले नाही.

पहिले पत्र: मी पर्वरीला राहते. शनिवारी सिग्नलला आमची गाडी उभी असताना मागून रेंट-अ-कॅब धडकली. तेव्हा काहीच दुखले नाही. रविवारी उठले तर मान वळेना. सासूबाई म्हणतात, तेल चोळून एकदा मोडून घे, सुटेल. घेऊ का?

मुळीच नको. न्हाव्याकडूनही नको आणि सासूबाईंकडूनही नको. मागून धक्का बसला की धड सीटबरोबर पुढे जाते, डोके क्षणभर मागे राहते आणि मग झटक्यात पुढे येते. त्यात मानेचे स्नायू ताणले जातात. सूज चढायला वेळ लागतो, म्हणून दुखणे दुसऱ्या दिवशी उगवते. शनिवारी दुखले नाही म्हणजे लागलेच नाही, असे नसते. (विमा कंपनीला मात्र हा युक्तिवाद फार आवडतो.)

हाताला मुंग्या, पकड ढिली पडणे, चालताना तोल जाणे किंवा मानेच्या मागे मधोमध हाडावर बोट ठेवल्यास कळ येणे, यातले काहीही असेल तर आजच म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात नाहीतर गोमेकॉत (बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) जा. नसले तरी एकदा तपासून घ्या. बहुतेकांना गोळ्या, शेक आणि सोसेल तितकी मान फिरवत राहणे एवढे पुरते. मानपट्टा लोक महिनाभर मिरवतात, त्याने मान उलट आखडते.

आणखी एक, आरशासमोर उभे राहून पोट पाहा. सीटबेल्टचा आडवा निळा वळ दिसत असेल आणि पोट दुखत असेल, तर मान राहू द्या, आधी पोट दाखवा. आतड्याची किंवा प्लीहेची इजा एखादा दिवस गप्प बसते.

साखळीजवळ गाडी झाडावर आदळली. वडिलांचे डोके दरवाजावर आपटले. वय ६८, हृदयाच्या त्रासासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. बोलतात, जेवतात. ‘मला काय झालंय?’ म्हणून आमच्यावरच चिडतात. तरी सीटी स्कॅन करायचा का?

करायचा, आणि तो आजच. वय साठीपुढे आणि वर ती गोळी, एवढे कारण पुरे. वॉरफरीनसारखी गोळी चालू असली की फुटलेली बारीकशी शीरही लवकर बंद होत नाही. वाटेत कुठे कवटीचा एक्स-रे काढत बसू नका, आतला रक्तस्राव त्यात दिसत नाही. थेट बांबोळीला आणा; मेंदूची शस्त्रक्रिया लागलीच तर ती तिथे होते. गोळीचे पाकीट सोबत आणा. ती आपल्या मनाने बंद करू नका. पुढची मात्रा घ्यायची की नाही, ते स्कॅननंतर डॉक्टर सांगतील.

‘बोलतात, जेवतात’ यावर विसंबणे फसवे ठरते. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागले, तरी माणूस काही तास चांगला असतो. मग डोके चढते, उलटी होते, बोलणे अडखळते, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसू लागते. कॅज्युअल्टीत सगळ्यात अवघड जातो तो तोंडाला फेणीचा वास येणारा जखमी. मित्र सांगतात, ‘पियेलो आसा, न्हिदूं दी’ (प्यायलाय, झोपू दे). तो झोपलेला नसतो, बेशुद्धीकडे चाललेला असतो. दारू प्यायलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला असेल, तर त्याला इस्पितळातच आणा.

स्कॅन स्वच्छ आला आणि घरी सोडले, तरी पहिले चोवीस तास कुणीतरी सोबत राहा. झोपू द्या, पण अधूनमधून उठवून नाव-गाव विचारा. उठवूनही नीट जाग येत नसेल तर लगेच १०८. आणि तीन-चार आठवड्यांनी वडील पाय ओढत चालू लागले, विसरू लागले, तर ‘वय झालं’ म्हणू नका. म्हाताऱ्या माणसांत रक्त इतके सावकाशही साचते. पुन्हा स्कॅन करा.

आम्ही दोडामार्गचे. पत्रादेवीजवळ टेम्पोने भावाला उडवले आणि पळ काढला. मांडीचे हाड मोडलेय. शिधापत्रिका महाराष्ट्राची. गोव्यात खर्च कोण देणार?

मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत, वाहन अपघातातील कोणत्याही जखमीला नेमलेल्या इस्पितळात अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत रोकडरहित उपचार मिळतात. त्यात राज्य पाहत नाहीत. पोलिसांकडून अपघाताची खातरजमा मात्र लागते. म्हणून तक्रार तिथल्याच पोलिस ठाण्यात नोंदवा आणि इस्पितळाच्या कागदांवर ‘एमएलसी’ची (पोलिसांना कळवलेल्या प्रकरणाची) नोंद आहे ना, ते आजच पाहा. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड तुम्हाला मिळणार नाही, ते किमान पाच वर्षे गोव्यात राहणाऱ्यांसाठी आहे. टेम्पो सापडलाच नाही तर गंभीर दुखापतीला ५० हजारांची भरपाई आहे, तिचा अर्ज महसूल खात्याच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे. सापडला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचे. त्याला कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची बिले एका पिशवीत ठेवा. मूळ प्रत कुणालाही, वकिलालाही, झेरॉक्स काढून ठेवल्याशिवाय देऊ नका.

आणि भावाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर तेव्हाच नर्सला सांगा. मोडलेल्या पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाते.

फोंड्याहून: अपघातात कोपर मोडले होते. प्लास्टर काढले, पण हात अर्धाच वाकतो. गावात एक हाडवैद्य मालिश करून हात मोकळा करून देतो म्हणे. जाऊ का?

नको. कोपर हा मालिश न सोसणारा सांधा आहे. जोराने चोळले, ताणले की भोवतालच्या स्नायूतच नवे हाड धरते आणि अर्धा वाकणारा हात तेवढाही वाकत नाही. फिजिओथेरपिस्टने शिकवलेला व्यायाम स्वतःच्या ताकदीने, दिवसातून चार-पाच वेळा करा. कुणी दुसऱ्याने हात धरून वाकवायचा नाही, घरच्यांनीही नाही.