पाव सादळतो की वातड होतो?

दादरच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे : "माहेरी आम्ही 'पाव सादळला' असं म्हणायचो. सासरी म्हणतात, खारी सादळते, पाव 'वातड' होतो. बरोबर कोण? आणि अशा पावाला फोडणी दिली तर त्याला 'पावाचा कुस्करा' म्हणता येईल का?"

सादळणं हे कोरड्या वस्तूंचं दुखणं. पापड सादळतो, काडेपेटी सादळते, दिवाळीत माळ्यावरून काढलेले गेल्या वर्षीचे फटाके सादळलेले निघतात. या सगळ्यांत हवेतला ओलावा बाहेरून आत शिरतो. मुंबईच्या जुलैत डब्याचं झाकण नीट लागलं नाही, तर सकाळची कुरकुरीत खारी संध्याकाळी मऊ पडते. खारी, टोस्ट, जिरा बटर ही मंडळी भट्टीत पार कोरडी केलेली असतात, म्हणून ओलावा लगेच ओढून घेतात. लादी पावात मुळातच साधारण तिसरा हिस्सा पाणी असतं, तो मऊ आहे म्हणूनच आपण विकत घेतो. त्याला सादळायला वावच नाही. तेव्हा लादीपुरतं सासरचं म्हणणं मान्य.

पण मुंबईत पाव म्हणजे फक्त लादी थोडीच? कडक पाव, म्हणजे इराण्याकडचा ब्रून, आठवा. त्याचं कवच खुसखुशीत असतं, आणि काही तासांत आतल्या गाभ्यातलं पाणी आणि बाहेरची दमट हवा मिळून ते कवच लेचंपेचं करतात. ब्रून सादळतो, अगदी शब्दशः. ताई, माहेरी कडक पाव येत असेल तर आईचा शब्द शंभर टक्के बरोबर आहे.

'वातड' हे विशेषण आहे आणि ते दाताला कळतं. सादळलेला पापड वातड लागतो, गार झालेली पुरी वातड लागते, कालचा लादी पावही वातड लागतो. कारणं निरनिराळी, दाताला येणारा अनुभव एकच. म्हणजे सादळणं ही झाली क्रिया, वातडपणा हा झाला गुण. दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी बसवले की असा माहेर-सासर वाद होतो.

मग लादी पावाचं नेमकं होतं तरी काय? तो शिळा होतो. शिळा होणं आणि वाळणं हे एक नव्हे, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. झाँ बाप्तिस्त बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५२ साली दाखवून दिलं, की हवाबंद ठेवलेला, पाण्याचा थेंबही न गमावलेला पावसुद्धा शिळा होतो, आणि ६० अंशांच्या आसपास तापवला की पुन्हा मऊ होतो. भाजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, आणि पाव निवल्यावर त्याचे रेणू हळूहळू पुन्हा रांगेत बसून घट्ट होतात. फ्रिजच्या थंडीत हे आणखी वेगाने घडतं, म्हणून फ्रिजमधला पाव बाहेरच्यापेक्षा लवकर वातड होतो. (उरलेला पाव टिकवायचाच असेल तर फ्रीझरमध्ये टाका, तिथे ही क्रिया जवळजवळ थांबते.)

आता गंमत बघा. 'शिळा' हा शब्द आलाय 'शीतल'वरून. कोकणीत 'शेळें' म्हणजे आजही थंड. श्रावणातल्या शिळासप्तमीला शीतलादेवीसाठी चूल पेटवत नाहीत आणि आदल्या दिवशीचं थंड अन्न खातात, त्यात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. शिळं म्हणजे निवलेलं, एवढंच. खराब झालेल्या अन्नासाठी आपल्याकडे वेगळे शब्द आहेत : दूध नासतं, भात आंबतो, पाव बुरसतो. बुरसलेला पाव सरळ टाकावा, वरची हिरवी बुरशी खरवडून उरलेला खाऊ नये. पण शिळ्या पावाला नाक मुरडणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. 'शिळंपाकं' म्हणून आपण उगाच त्याची पायरी खाली आणली आहे.

कारण स्वयंपाकात कितीतरी ठिकाणी ताज्यापेक्षा शिळाच पाव हवा. कटलेटच्या सारणात भिजवून पिळलेला पाव घालतात, तो कालचा असेल तर पिळल्यावर मोकळा राहतो, ताज्याचा चिकट गोळा होतो. मिसळीच्या रश्श्यातही तेच. ताजा पाव बुडवला की लगेच विरघळायला लागतो. कालचा पाव रस्सा पितो आणि तरीही घास म्हणून हातात राहतो. 'पितो' हे क्रियापद किती नेमकं आहे! वांगं तेल पितं, भात पाणी पितो, तसा पाव रस्सा पितो. रस्सा प्यायलेला पाव चांगला जमला तर तो 'मुरलेला', बिघडला तर 'लगदा'. मधली पायरी 'लिबलिबीत', तिच्या आधी थांबायचं.

कुस्कऱ्याचीही खरी मजा या घट्ट झालेल्या पावातच आहे. ताजा लादी पाव कुस्करायला घेतलात तर बोटांखाली दबून त्याच्या गोळ्या होतात. शिळा मात्र मोकळा सुटतो. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, हिरवी मिरची, भरपूर कांदा, आणि पाव घालायच्या आधी त्यावर ताकाचा हबका. ओतायचं नाही, फक्त शिंपडायचं. मग झाकण ठेवून एक वाफ. त्या वाफेने घट्ट झालेला स्टार्च सैल पडतो आणि पाव आतून मऊ, कडांनी किंचित खरपूस होतो. हा पदार्थ कढईतून थेट ताटलीत यावा. गार होऊ दिलात तर आधीपेक्षा जास्त वातड होईल.

नावाचं म्हणाल तर पोळीच्या या पदार्थाला कोणी फोडणीची पोळी म्हणतं, कोणी कुस्करा, काही घरांत मनोहरा. पावाला तीच नावं लावायला हरकत कसली? 'कुस्करा' हे नाव हाताच्या क्रियेवरून पडलंय, पदार्थ पोळीचाच हवा अशी अट त्यात नाही. 'ब्रेड उपमा' मात्र मला पटत नाही, उपम्यात रवा शिजतो, इथे भाजून झालेला पाव नुसता पुन्हा मऊ करायचा असतो. तुम्ही बोटांनी चुरत असाल तर बिनधास्त 'पावाचा कुस्करा' म्हणा. सुरीने चौकोनी तुकडे करत असाल तर 'फोडणीचा पाव' जास्त बरोबर.