वाचक विचारतात : गच्चीवरची वाईन, मोसंबी आणि थंडगार सोडा

प्रश्न : माझा पहिला अहिराणी कवितासंग्रह छापून आला आहे. एप्रिलअखेरीस संध्याकाळी घराच्या गच्चीवर बठ्ठं गणगोत नाही, पण जवळची बारा माणसं जमतील. वाईनचं हलकं, गार असं काही करायचं आहे. कॉकटेलचा अनुभव नाही, शेकरही नाही. नेमकं प्रमाण द्याल का? (अमळनेर)

उत्तर : अभिनंदन, ताई. शेकर लागणारच नाही. सोडा घातलेलं पेय हलवायचं नसतं, त्यातला गॅस उडून जातो. तुमच्यासाठी पांढऱ्या वाईनचा स्प्रिट्झर सगळ्यात सोपा. वाईन, सोडा आणि थोडं फळ, एवढंच.

350 मिलीच्या एका ग्लासाचं माप असं : पांढरी वाईन 120 मिली, ताज्या मोसंबीचा रस 30 मिली, लिंबाचा रस 5 मिली (एक छोटा चमचा), साखरेचा पाक 10 मिली, सोडा 60 मिली, चार-पाच मोठे बर्फाचे खडे आणि पुदिन्याची एक डहाळी.

माणशी दोन ग्लास धरले तर चोवीस ग्लास होतात. त्यासाठी 750 मिलीच्या चार बाटल्या वाईन, दहा-बारा मोसंबी आणि सात-आठ लिंबं आणा. पाकाला 150 ग्रॅम साखर 150 मिली पाण्यात गरम करून विरघळवा. उकळत ठेवून तार येऊ देऊ नका, साखर विरघळली की गॅस बंद. साधारण 240 मिली पाक होतो, तेवढाच लागतो. साखर थेट ग्लासात घालू नका. गार वाईनमध्ये ती विरघळत नाही, तळाशी बसते. पहिले घोट आंबट लागतात आणि शेवटचा घोट नुसता गोड. सोड्याच्या मोठ्या बाटल्या घेण्यापेक्षा 300 मिलीच्या सहा घ्या, कारण उघडलेली मोठी बाटली गच्चीवर अर्ध्या तासात बेचव होते.

वाईन घेताना लेबलवर शेनिन ब्लां किंवा सोव्हिन्यो ब्लां बघा. नाशिक-दिंडोरीकडच्या या दोन्ही वाईन सहज मिळतात. शेनिन थोडी गोडसर असेल तर पाक निम्मा करा. लाकडी पिंपात मुरवलेली महागडी शार्डने यात वाया जाते. तिचा जडपणा सोड्याबरोबर कडवट लागतो.

आता खरी गोष्ट गारव्याची. आपल्याकडे एप्रिलअखेरीस रात्री आठलाही गच्चीची फरशी तापलेली असते. वाईन कोमट असेल तर बर्फ दोन मिनिटांत विरघळतो आणि पेय पाणचट होतं. सोडा कोमट असेल तर ओतताच सगळा गॅस फेस होऊन निघून जातो, कारण गार पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळून राहतो, गरम पाण्यात कमी. म्हणून वाईन, सोडा, मोसंबी, पाक, चारही आदल्या रात्रीपासून फ्रिजमध्ये. रस मात्र आदल्या रात्री काढायचा नाही, अख्खी मोसंबी फ्रिजमध्ये ठेवायची.

गच्चीवर बाटल्या ठेवायला मोठी बादली घ्या. त्यात निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि दोन मुठी जाडं मीठ. नुसत्या बर्फात बाटली ठेवली तर खड्यांमध्ये हवा राहते आणि गारवा काचेपर्यंत नीट पोचत नाही. पाणी चारी बाजूंनी भिडतं. मिठामुळे ते पाणी शून्याच्याही खाली जातं. फ्रिजमध्ये ठेवायची विसरलेली बाटलीसुद्धा यात वीस मिनिटांत पिण्याजोगी होते. घाईत बाटली फ्रीझरमध्ये टाकून विसरू नका. वाईन गोठताना फुगते, बूच वर येतं, कधी बाटलीच तडकते.

ग्लासातला बर्फ वेगळा, सुमारे तीन किलो. बादलीतला त्यात मिसळू नका. घरी लावणार असाल तर पाणी आधी उकळून गार करा, म्हणजे क्लोरीनचा वास जातो. फ्रीझरमधलं वाटण झाकून ठेवा. बर्फ लसणाचा वास फार पटकन धरतो, आणि पांढऱ्या वाईनमध्ये तो लपत नाही.

जमवणी अशी. ग्लासात आधी बर्फ. मग पाक, लिंबू, मोसंबी आणि वाईन. लांब चमच्याने एकदा ढवळा. पुदिन्याची डहाळी तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एकच टाळी द्या आणि ग्लासात खोचा. पानं चुरगळली तर हिरवा कडवटपणा उतरतो. सोडा सगळ्यात शेवटी, ग्लास जरा तिरपा धरून चमच्याच्या पाठीवरून हळू सोडायचा. बुडबुडे खालून वर चढताना दिसले पाहिजेत. वर पांढरा फेस जमून बसला तर सोडा पुरेसा गार नव्हता असं समजा. सोड्यानंतर चमचा तळाशी नेऊन फक्त एकदा वर उचलायचा, गरगर फिरवायचा नाही. सगळ्यांचं मिळून जगमध्ये करायचं असेल तर सोड्याआधीपर्यंतचं मिश्रण जगमध्ये चालेल, सोडा ज्याच्या त्याच्या ग्लासात.

हे पेय सरबतासारखं उतरतं म्हणून एक लक्षात ठेवा : वर दिलेल्या मापात मद्याचं प्रमाण सुमारे 6-7 टक्के राहतं, म्हणजे स्ट्राँग बिअरइतकं. परतीला गाडी चालवणाऱ्याला आणि झोपेची गोळी घेणाऱ्याला ते देऊ नका. न पिणाऱ्यांसाठी कैरीच्या पन्ह्याचा घट्ट गर 60 मिली, सोडा 150 मिली आणि तोच पुदिना. दोन्ही पेयांचे ग्लास मात्र वेगळ्या आकाराचे ठेवा. संध्याकाळच्या उजेडात रंगावरून ओळखता येत नाही, आणि घरात मुलं असतील.

प्रश्न : चित्रांच्या पहिल्या प्रदर्शनानंतर रेड वाईनची सांग्रिया केली होती. रात्री भिजवलेली फळं सकाळपर्यंत छान मुरतील असं वाटलं, पण सगळं कडू झालं. साखर वाढवूनही सुधारलं नाही. (जळगाव)

उत्तर : मोसंबीच्या गोल चकत्या सालीसकट घातल्या असणार. सालीखालचा पांढरा पापुद्रा आणि बिया रात्रभर मद्यात राहिल्या की कडूपणा सोडतात. शिवाय मोसंबीचा रस काढून ठेवला तर तो आपोआपही कडवट होत जातो. रसातल्या आम्लामुळे लिमोनिन नावाचं कडू द्रव्य तयार होत जातं, ताज्या घोटात ते नसतं. रसवाला गिऱ्हाइकासमोरच रस काढतो, त्यामागे हेही कारण आहे.

पुढच्या वेळी हलकी रेड वाईन 750 मिली, ब्रँडी 60 मिली (नको असेल तर वगळा), पाक 45 मिली, एक संत्रं, एक सफरचंद आणि बोटाच्या पेराएवढा दालचिनीचा तुकडा घ्या. संत्र्याची साल, पापुद्रा आणि बिया काढून नुसत्या फोडी घाला. सालीचा वास हवा असेल तर सोलाण्याने फक्त वरचा केशरी पातळ थर काढा. तीन-चार तास फ्रिजमध्ये पुरे. दालचिनी दोन तासांनीच बाहेर काढा. सोडा 300 मिली, वाढताना. जग रात्रभर ठेवणं भाग असेल तर फळं गाळून काढा आणि सकाळी नवी घाला.

हिवाळ्यात संत्र्याबरोबर मेहरूणची बोरं कापून घाला. ती घट्ट असतात, वाईनमध्ये विरघळत नाहीत आणि खायलाही मजा येते. पपई, कलिंगड नको, तासाभरात लगदा होतो. कडू झालेल्या जगावर उपाय एकच आहे, तोही अर्धामुर्धा : फळं गाळा, लिटरमागे चिमूटभर मीठ घाला, ताज्या संत्र्याचा रस मिसळा. मिठाने कडूपणा जिभेला कमी जाणवतो. साखरेने तो फक्त गोड-कडू होतो.

प्रश्न : मुलीने पहिला लघुपट पूर्ण केला. घरच्याच बागेतली केळी वापरून स्पार्कलिंग वाईनचं काही करता येईल का? केळी मिक्सरमधून काढून वर वाईन ओतली तर अर्धी बाहेर उतू गेली. (रावेर)

उत्तर : उतू जाणारच. केळ्याचा गर घट्ट असतो, बुडबुडे त्यात अडकतात आणि फेस ग्लासाबाहेर येतो. थोड्या वेळाने गर काळपट पडून तळाशी बसतो. लिंबाने तो काळवंडणं लांबतं, पण थांबत नाही. गर नको, केळ्याचा पाक करा.

सालीवर काळे ठिपके आलेली दोन पिकलेली केळी सोलून (सुमारे 200 ग्रॅम) जाड चकत्या करा. 200 ग्रॅम साखर आणि 200 मिली पाणी उकळा, गॅस बंद करा, चकत्या त्यात टाका आणि झाका. गार झालं की आठ-दहा तास फ्रिजमध्ये. मग स्वच्छ मलमलीतून नुसतं निथळू द्या. इथे हात शिवशिवतात, पण कापड पिळलंत की गर उतरतो आणि पाक गढूळ होतो. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकतो. ग्लासात पाक 10 मिली, लिंबू 5 मिली, वरून गार स्पार्कलिंग वाईन 120 मिली, सावकाश. बर्फ नको. उरलेल्या चकत्या शिऱ्यात घाला.

बाटली उघडताना ती किमान तीन-चार तास फ्रिजमध्ये आडवी न ठेवता उभी राहिलेली असावी. तारेची जाळी सोडल्यापासून बुचावरचा अंगठा काढू नका. बाटली 45 अंशात तिरपी धरा, बूच घट्ट धरून बाटली फिरवा, बूच नाही. नुसता ‘फुस्स’ आवाज यायला हवा. मोठ्ठा ठो आणि फवारा फोटोत शोभतो, पण पाव बाटली जमिनीवर जाते आणि बूच कुणाच्या डोळ्यात जाऊ शकतं. महाराष्ट्रात वाईनसाठी वयाची अट 21 वर्षांची आहे, तेवढं मुलीच्या मित्रमंडळींचं बघून घ्या.

प्रश्न : आमच्या हौशी नाटकाच्या पंचविसाव्या प्रयोगानंतर शेवभाजीचा बेत आहे. आजीच्या पितळी घंगाळात वाईनचं पंच ठेवलं तर शोभून दिसेल. चालेल का? (धुळे)

उत्तर : घंगाळात नको. वाईन आम्लधर्मी, त्यात लिंबू-संत्र्याची भर. कल्हई नसलेल्या पितळेत दही कळकतं तशीच तीही कळकते, चव धातूसारखी होते आणि तांबं पोटात जातं. घंगाळाची शोभा हवीच असेल तर त्यात बर्फ भरा आणि मधोमध काचेची किंवा चिनी मातीची बरणी ठेवा. स्टीलचं पातेलंही चालतं, दिसायला साधं, एवढंच.

शेवभाजीबरोबर मात्र कॉकटेल देऊ नका. मद्याने तिखटाची आग वाढते, सोड्याचे बुडबुडे त्यावर टोचतात, आणि रेड वाईनचा तुरटपणा काळ्या मसाल्यासमोर नुसता कोरडा लागतो. आधी तासभर पंच ठेवा, सोबत बिबड्या, केळीचे वेफर्स, भाजलेले शेंगदाणे. ताटं मांडली की ग्लास उचला आणि ताक फिरवा. कुणाला जेवताना वाईन हवीच असेल तर त्या दिवशी हिरव्या वांग्यांचं भरीत करा. त्याच्या धुरकट चवीबरोबर गोडसर, खूप गार शेनिन चांगली जाते. मिरची मात्र हात राखून.

आणि हे सगळं घरी. हॉल किंवा लॉन घेणार असाल तर मद्य देण्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एक दिवसाचा परवाना आधी काढावा लागतो.

प्रश्न : माझ्या कथेला बक्षीस मिळालं. व्याऱ्याच्या मावसभावांसाठी दोन बाटल्या घेऊन जाऊ का? बिल आहे, सीलही तसंच आहे. (नवापूर)

उत्तर : नाही. तुमच्या नवापूर स्टेशनचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे, आणि गुजरातेत दारूबंदी. महाराष्ट्रातलं बिल किंवा सील तिथे कामाला येत नाही. भावांनाच इकडे बोलवा, किंवा वर सांगितलेलं पन्हं-सोडा तिकडे जाऊन करा.

प्रश्न : पार्टीनंतर दीड बाटली पांढरी आणि एक बाटली रेड वाईन उघडी उरली. किती दिवस ठेवू? (शहादा)

उत्तर : बूच लावून फ्रिजमध्ये, उभी. रेडसुद्धा फ्रिजमध्येच, आपल्या उन्हाळ्यात ओट्यावर नको. तीन-चार दिवस ठीक. अर्धी रिकामी बाटली लवकर बिघडते कारण आत हवा जास्त असते, म्हणून ती लहान बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवा. सोडा किंवा रस मिसळलेलं मिश्रण ठेवूच नका.

पांढरी वाईन बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवली तर पुढच्या स्प्रिट्झरमध्ये साध्या बर्फाऐवजी घालता येते, पेय पाणचट होत नाही. हे खडे बर्फापेक्षा मऊ राहतात आणि लवकर वितळतात, त्यामुळे फ्रीझरमधून थेट ग्लासातच काढा. रेडला व्हिनेगरसारखा आंबूस वास यायला लागला असेल तर ती पिण्याच्या कामाची नाही. मटण मुरवताना दह्याऐवजी अर्धी वाटी चालते.