लाल वाइनच्या पिपातली कोवळी माल्ट

प्रश्न : लाल वाइनच्या पिपात फिनिश केलेली (शेवटचा काही काळ त्यात मुरवलेली), 5 वर्षांची स्कॉच सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत, फक्त मोडवलेल्या बार्लीची व्हिस्की) आणली. नाकाला झणका बसतो, घोटानंतर तोंड कोरडं पडतं. बाटली बिघडलेली आहे का?

उत्तर : नाही. ओकच्या पिपात 3 वर्षं मुरली की कायद्याने ती स्कॉच. पाचव्या वर्षी मूळ स्पिरिटचा तिखटपणा उरतोच. कोरडेपणा टॅनिनचा, म्हणजे साली-लाकडातल्या तुरट द्रव्याचा. लाल वाइन द्राक्षाच्या सालींसकट आंबवतात. तिचं टॅनिन पिपाच्या लाकडात मुरतं, शिवाय ओकचं स्वतःचं असतंच. जांभळं खाल्ल्यावर जीभ आवळते ना, तसंच हे.

तळाशी फुगीर, वर निमुळता ग्लास घ्या. 20 मिली ओतून दहा मिनिटं राहू द्या. नाक आत खुपसू नका, तोंड किंचित उघडं ठेवून काठावरूनच हुंगा. पहिला घोट अगदी लहान, फक्त जिभेला सवय लावण्यापुरता. त्यावरून मत बनवू नका. मग ड्रॉपरने अर्धा-अर्धा मिली पाणी घालत, दर वेळी चाखत जा. माल्ट 46 टक्के अल्कोहोलची असेल तर 3 मिली पाण्यात ती 40 टक्क्यांवर येते. तिथेच थांबा. बर्फ मात्र नकोच: गारव्याने फळांचा वास दबतो आणि तुरटपणा तेवढा उरतो.