एका मोबाइलवर अख्खा वर्ग

प्रश्न : अक्कलकोट तालुक्यातल्या शाळेत सहावीला शिकवते. वर्गात ३८ मुलं, मोबाइल फक्त माझा. प्लिकर्स अ‍ॅपची कार्डं (मुलं कार्ड फिरवून A, B, C किंवा D हे उत्तर वर धरतात आणि मोबाइलचा कॅमेरा ते टिपतो) छापून लॅमिनेट केली, पण निम्मी स्कॅनच होत नाहीत. काय चुकतंय?

उत्तर : बाई, चूक लॅमिनेशनची आहे. चकचकीत प्लास्टिकवर खिडकीचा उजेड पडला की काळ्या आकृतीवर पांढरा डाग दिसतो आणि कॅमेऱ्याला ती ओळखता येत नाही. सोलापूरच्या उन्हात तर हे होणारच! कार्डं साध्या कागदावर पुन्हा छापा आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर चिकटवा. आकृतीभोवतीची पांढरी कड कापू नका. खिडकी तुमच्या पाठीशी येईल असं उभं राहा. मुलांनी कार्ड कडांना धरावं. आकृतीवर बोट आलं की ते कार्ड वाचलं जात नाही. जे अक्षर वर, ते उत्तर, हे आधी दोन सोप्या प्रश्नांवर घोटून घ्या. ४० कार्डांचा संच तुम्हाला पुरेल. प्रत्येकाची आकृती वेगळी असल्याने शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही. कार्ड क्रमांक मात्र हजेरीच्या क्रमांकाशीच जोडा, नाहीतर एकाचं उत्तर दुसऱ्याच्या नावावर जाईल. आणि बहुतेकांचं उत्तर चुकलं, तर पुढचा प्रश्न थांबवून तो भाग तिथेच फळ्यावर पुन्हा शिकवा.